चाळणी कधी लावायची? युरोपची शाळा आणि अमेरिकेची शाळा

बव्हेरियात चौथीतल्या मुलाच्या हाती मे महिन्याच्या सुरुवातीला एक कागद पडतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांतल्या श्रेणींची सरासरी त्यावर असते. जर्मनीत १ ही सर्वांत वरची श्रेणी आणि ६ ही सर्वांत खालची. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तर गिम्नाझियमचा, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा, रस्ता खुला होतो. २.६६ पर्यंत असेल तर रेआलशुले ही मधल्या पायरीची शाळा, आणि त्याहूनही मागे पडली तर मिटेलशुले. चाचणी-वर्गाला बसून किंवा पुढे शाळा बदलून हा निकाल फिरवता येतो, पण ते सोपे नसते. त्या वेळी मूल दहा वर्षांचे असते. अटलांटिकच्या पलीकडे ओहायोतला किंवा कॅलिफोर्नियातला विद्यार्थी अठराव्या वर्षी कॉलेजात पाऊल ठेवतो, तेव्हा त्याने मुख्य विषय ठरवलेला असलाच पाहिजे अशी बहुतेक ठिकाणी अटही नसते. दुसऱ्या वर्षाअखेर सांगितला तरी चालतो, आणि सांगितल्यावर बदलताही येतो. दोन्ही समाज श्रीमंत, दोन्हीकडे लोकशाही, दोन्ही एकाच ज्ञानपरंपरेचे वारस. तरी एक दहाव्या वर्षी चाळणी लावतो आणि दुसरा ती विसाव्या वर्षापर्यंत लांबवतो.

या फरकाचे कारण सांगताना बहुधा स्वभावाची भाषा वापरली जाते. युरोपीय माणूस शिस्तीचा आणि अमेरिकन माणूस मोकळ्या वृत्तीचा, म्हणून त्यांच्या शाळाही तशा, असे म्हटले की विषय संपतो. इतिहासात शिरले की हे स्पष्टीकरण टिकत नाही. अमेरिकेने प्रशियाकडून भरपूर उचलले, युरोपाने अमेरिकेकडून उचलले, आणि दोघांनीही घेताना काही गोष्टी जाणूनबुजून मागे ठेवल्या. खरा फरक तीन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. चाळणी कोण लावणार, ती कधी लावणार आणि शिक्षणाचा खर्च कोण उचलणार? युरोपात ती राज्यसंस्थेने लावली, लवकर लावली, आणि निवडलेल्यांचा खर्च पुढे बराचसा सरकारने सोसला. अमेरिकेत ती प्रत्येक संस्थेने आपापली लावली, उशिरा लावली, आणि खर्चाचा मोठा वाटा कुटुंबाच्या माथी आला. उशिराची चाळणी अधिक न्याय्य असते आणि पुरावाही तिच्या बाजूने आहे, असे माझे मत आहे. मात्र तिचा भार विद्यार्थ्याच्या खिशावर टाकला, की तोच न्याय आतून पोखरला जातो.

सुरुवात प्रशियापासून करावी लागते. फ्रेडरिक द ग्रेटने १७६३ साली खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी फर्मान काढले आणि पाच ते तेरा-चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत पाठवणे पालकांना बंधनकारक केले. ही फोल्क्सशुले, म्हणजे सर्वसामान्यांची शाळा. वाचन, लेखन, थोडे गणित, धर्म आणि आज्ञापालन एवढाच तिचा आवाका होता. दुसऱ्या बाजूला राज्याला न्यायाधीश, पाद्री, वैद्य आणि कारकून हवे होते, आणि सरदारांच्या शिफारशींवर विसंबून राहण्यापेक्षा ते परीक्षेने निवडावेत असे प्रशासनाला वाटू लागले. त्यातून १७८८ साली आबिटूर ही शालान्त परीक्षा आली. सुरुवातीला ती नापास झालेल्यालाही विद्यापीठाचे दार पूर्ण बंद नव्हते. १८३४ पासून मात्र आबिटूरखेरीज विद्यापीठात प्रवेश नाही असा नियम पक्का झाला. दरम्यान १८१० मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने बर्लिनचे विद्यापीठ उभे राहिले होते. तिथे अध्यापन आणि संशोधन एकत्र नांदावे, विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे शिकावे, असा उदात्त विचार होता. पण हे स्वातंत्र्य गिम्नाझियममध्ये नऊ वर्षे लॅटिन आणि ग्रीक शिकून आलेल्या मूठभर तरुणांसाठी होते. फोल्क्सशुले ही गिम्नाझियमची खालची पायरी कधीच नव्हती. त्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन वेगळ्या इमारती होत्या, आणि एकीतून दुसरीत जायला आतून दार नव्हते.

फ्रान्सने हीच रचना अधिक नेटकी केली. नेपोलियनने १८०२ मध्ये लिसे ही सरकारी माध्यमिक शाळा उभारली आणि १८०८ मध्ये बाकालोरेआ परीक्षा सुरू केली. पुढे १८८१ आणि १८८२ साली ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. ही युरोपच्या इतिहासातली मोठी घटना आहे. तरी तिथेही लिसेला स्वतःचे प्राथमिक वर्ग होते, ते फी घेत, आणि गावातल्या मोफत शाळेतून लिसेत जाणारे मूल विरळा असे. मात्र सरकारी परीक्षेचा एक गुण मान्य करावाच लागतो. ती नियमाने बांधलेली असते, आणि नियम कधीकधी नियम करणाऱ्यांपेक्षा उदार निघतो. झुली-व्हिक्तवार दोबिये या शिक्षिकेने १८६१ मध्ये ३७ व्या वर्षी लिओंमध्ये बाकालोरेआ दिली. स्त्रियांनी बसू नये असे नियमात कुठेच लिहिलेले नव्हते. त्या उत्तीर्ण झाल्या. शिक्षणमंत्र्यांनी प्रमाणपत्रावर सही करायला खळखळ केली, पण अखेर ते द्यावे लागले. अशी परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या त्या पहिल्या फ्रेंच स्त्री. राज्याची चाळणी निष्ठुर असते, पण निदान तिची भोके सर्वांना दिसतात.

अमेरिकेत राज्यसंस्था येण्याआधीच शाळा आणि कॉलेजे आली. हार्वर्ड १६३६ सालचे, म्हणजे स्वतंत्र अमेरिकेपेक्षा एकशे चाळीस वर्षांनी जुने. मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने लॅटिन शाळा काढावी असे ठरवले. कायदा वसाहतीचा, पण शिक्षक शोधायचा गावाने आणि पगार द्यायचाही गावाने. स्वातंत्र्याच्या वेळी तेरा वसाहतींत मिळून नऊ कॉलेजे होती, तर १८३० पर्यंत सबंध इंग्लंडमध्ये पदवी देणारी विद्यापीठे दोनच, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. अमेरिकेत प्रत्येक धर्मपंथाला, प्रत्येक नव्या शहराला आपले कॉलेज हवे होते. १८१९ साली डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला खासगी कॉलेजच्या सनदेत हात घालता येणार नाही असा निकाल दिला, आणि या संस्थांचे स्वातंत्र्य कायद्याने भक्कम झाले. परिणाम असा की प्रवेशाला कोणता विद्यार्थी योग्य हे ठरवणारी एक राष्ट्रीय परीक्षा तिथे निर्माणच झाली नाही. विद्यार्थ्यांना कॉलेजांची जेवढी गरज होती, त्याहून अनेक कॉलेजांना विद्यार्थ्यांची गरज जास्त होती. कच्चा विद्यार्थी आला तर त्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसवून घेत. तिथली उदारता तत्त्वाआधी गरजेतून आली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

होरेस मॅन यांचा १८४३ चा युरोप-दौरा या कथेत म्हणूनच महत्त्वाचा. ते मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होते. लग्नानंतर लगेच पत्नीसह निघालेल्या या प्रवासात त्यांनी शाळाच शाळा पाहिल्या. प्रशियातले शिक्षक त्यांना विशेष आवडले. ते प्रशिक्षित होते, हातात पुस्तक न धरता वर्गात उभे राहून शिकवत, आणि मुलांवर हात उगारत नसत. हे सारे मॅन यांनी आपल्या सातव्या वार्षिक अहवालात मांडले. एका निरंकुश राजाच्या राज्यातली शिक्षणपद्धती प्रजासत्ताकाने का घ्यावी, असा आक्षेप येणार हे त्यांना ठाऊक होते. चांगले साधन ज्याच्या हाती जाईल त्याच्या हेतूने चालते, असे त्यांचे उत्तर होते. शिक्षकांचे प्रशिक्षण, इयत्तांची रचना आणि सार्वजनिक खर्च या गोष्टी त्यांनी उचलल्या. गिम्नाझियम आणि फोल्क्सशुले ही फाळणी मात्र उचलली नाही. गावातल्या सगळ्या मुलांची मिळून एकच 'कॉमन स्कूल', सामाईक शाळा, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेने प्रशियाची सामान्यांची शाळा घेतली आणि तिच्यावर मजले चढवत नेले.

पहिला मजला हायस्कूलचा. मिशिगनमधल्या कॅलमझू शहरातल्या काही करदात्यांनी प्राथमिक शाळेपुढच्या शिक्षणासाठी कर का द्यायचा, असा दावा लावला. १८७४ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती थॉमस कूली यांच्या निकालपत्राद्वारे, हायस्कूलसाठी कर घेणे वैध ठरवले. राज्याने खाली सामाईक शाळा काढली आहे आणि वर विद्यापीठ काढले आहे, मग मधला टप्पा फक्त पैसेवाल्यांसाठी कसा ठेवता येईल, हा त्या युक्तिवादाचा गाभा. पुढची वाढ अचंबित करणारी आहे. १९१० मध्ये अमेरिकेतल्या अठरा वर्षांच्या तरुणांपैकी सुमारे ९ टक्के हायस्कूल पूर्ण करत. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर पोहोचले. वॉशिंग्टनहून कोणताही हुकूम निघाला नव्हता. १९३० च्या सुमारास देशात सव्वा लाखाहून अधिक स्थानिक शाळा-मंडळे होती, आणि शेजारच्या गावाने हायस्कूल बांधले म्हणून आपल्याही गावाने बांधायचे, अशी चढाओढ लागली होती. त्या हायस्कूलमध्ये बीजगणित होते तसे सुतारकाम, टंकलेखन आणि गृहशास्त्रही होते. डॉक्टरचा मुलगा आणि सुताराचा मुलगा सगळे तास एकत्र बसत नसतील, पण दोघांची शाळा एक होती आणि दोघांच्या हातात पडणारे प्रमाणपत्रही एकाच नावाचे होते.

वरचा मजला चढला तो वेगवेगळ्या देशांच्या विटांनी. कॉलेजचा साचा इंग्लंडचा, वसतिगृहासह. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या दर संसद-सदस्यामागे ३० हजार एकर सरकारी जमीन दिली, आणि तिच्या विक्रीतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायला सांगितले. नांगराचा अभ्यास विद्यापीठात बसवण्याची कल्पना तेव्हाच्या ऑक्सफर्डला किंवा हायडेलबर्गला रुचली नसती. संशोधनासाठी अमेरिकन तरुण जर्मनीकडेच जात. एकोणिसाव्या शतकात असे नऊ-दहा हजार तरी गेले असावेत. परत आल्यावर त्यांना हुम्बोल्टचे विद्यापीठ आपल्याकडे हवे होते. १८७६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले आणि जर्मन पद्धतीचे चर्चासत्र, प्रयोगशाळा आणि पीएच.डी. अमेरिकेत रुजली. पण फार अर्थपूर्ण गोष्ट अशी की जर्मन विद्यापीठ त्यांनी कॉलेजच्या जागी न आणता कॉलेजच्या डोक्यावर बसवले. त्यामुळे शाळा आणि तज्ज्ञपण यांच्या मध्ये चार वर्षांची मोकळी जागा उरली. युरोपातला विद्यार्थी एकोणिसाव्या वर्षी थेट कायद्याच्या किंवा वैद्यकाच्या शाखेत शिरतो, अमेरिकेतला आधी पदवी घेतो आणि मग या शाखांकडे वळतो. चाळणी उशिरा लावणे शक्य झाले ते या जागेमुळे.

ती जागा भरायची कशी, यावर हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी उत्तर दिले. १८६९ पासून चाळीस वर्षे ते पदावर होते, आणि सक्तीचे विषय एकेक करून काढत त्यांनी विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य दिले. विषय निवडीचे झाले की मोजमाप लागते, आणि ते एका अनपेक्षित ठिकाणाहून आले. अँड्रयू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पण कॉलेज कशाला म्हणायचे आणि पेन्शन कोणाला द्यायची? कार्नेगी प्रतिष्ठानने ठरवले की प्रवेशासाठी हायस्कूलची किमान चौदा 'युनिट' मागणारी संस्थाच पात्र. एक युनिट म्हणजे वर्षभरात एका विषयाचे सुमारे १२० तास. पेन्शनच्या आशेने कॉलेजांनी हे माप स्वीकारले, कॉलेजांच्या धाकाने हायस्कूलांनी स्वीकारले. आज जगभर चालणाऱ्या 'क्रेडिट' या शब्दाची मुळे इथे आहेत. युरोपीय पदवी ही शेवटच्या एका मोठ्या परीक्षेत सिद्ध होत आली, अमेरिकन पदवी विषयागणिक साठत जाते. साठवलेले क्रेडिट घेऊन विद्यार्थी कॉलेज बदलू शकतो, मध्येच नोकरी करून परत येऊ शकतो. एका दिवशी आजारी पडल्याने आयुष्य फिरत नाही.

मोकळ्या दाराने काय साधते याचा एक पुरावा आपल्याच माणसांनी दिला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते. क्वेकरपंथीयांच्या पुढाकाराने १८५० मध्ये निघालेली ती खासगी संस्था होती. प्रवेशासाठी तिला कोणत्या सरकारला विचारायचे नव्हते, म्हणून आनंदीबाईंना घेणे आणि शिष्यवृत्तीही देणे हा तिच्याच अधिकारातला निर्णय होता. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नव्हते. ऑक्सफर्डने ती १९२० मध्ये द्यायला सुरुवात केली, केंब्रिजने १९४८ मध्ये. प्रशियाच्या विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९०८ साली. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत राहिल्या आणि त्यांनी तिथे बालवाडीची फ्रोबेल-पद्धत शिकून घेतली. फ्रीडरिक फ्रोबेल जर्मन. त्यांच्या बालवाड्यांवर प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदी घातली आणि ती जवळजवळ दशकभर टिकली. अमेरिकेत गेलेल्या जर्मन स्त्रियांनी ती कल्पना तिथे रुजवली, १८७३ मध्ये सेंट लुइस शहराने ती सरकारी शाळेत घेतली, आणि रमाबाईंनी ती १८८९ मध्ये सुरू झालेल्या शारदा सदनापर्यंत आणली. एका सरकारने बंद केलेले दार दुसरीकडे शंभर संस्थांमुळे उघडे राहिले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, आणि ते अधिक बोलके आहे, कारण त्यांनी दोन्ही पद्धती अनुभवल्या. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण त्याबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचे अभ्यासक्रमही त्यांनी घेतले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे विचार त्यांना तिथेच भेटले. जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला मोठा निबंध मे १९१६ मध्ये अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परक्या विषयाच्या चर्चासत्रात बसता आले, म्हणून तो निबंध जन्माला आला. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर जो प्रबंध लिहिला, त्यावर १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातले सगळे युक्तिवाद पटलेले नव्हते, तरी त्यांनी त्याची ताकद मान्य केली. न्यूयॉर्कने व्याप दिला, लंडनने एकाच प्रश्नाच्या तळापर्यंत जाण्याची शिस्त पक्की केली. युरोपीय पद्धतीची बाजू कोणी मांडली, तर ही खोली तिचा सर्वांत चांगला साक्षीदार आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की अमेरिकेचे दार उघडे होते ही दंतकथा आहे, ते फक्त वेगळ्या रीतीने बंद होते. यात बरेच तथ्य आहे. दक्षिणेत काळ्या मुलांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालापर्यंत कायद्यानेच वेगळ्या होत्या. हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. तो उघडपणे फेटाळला गेला, तरी पुढे 'चारित्र्य' पाहण्याच्या नावाखाली तेच साधले गेले. संस्थेच्या हाती चाळणी दिली की संस्थेचे पूर्वग्रहही चाळणीत येतात. शाळांचा पैसा बराचसा घरपट्टीतून येत असल्याने श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत राहते, आणि १९७३ मध्ये सॅन अँटोनिओच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही विषमता घटनाबाह्य नसल्याचे म्हटले. पण हे सगळे दोष नीट पाहिले तर ते उशिराच्या चाळणीचे नाहीत. कायदेशीर वेगळेपण, छुपा पूर्वग्रह आणि घरपट्टी यांनी मुले आधीच चाळली गेली, आणि अमेरिकेने जिथे आपल्या तत्त्वाशी प्रतारणा केली तिथेच तिची घडण सर्वांत जास्त बिघडली.

दुसरा आक्षेप दर्जाचा. सर्वांना आत घेतले की पातळी खाली येते, असे अमेरिकेतही मोठमोठ्यांनी म्हटले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कॉलेजचा खर्च देणारा जी.आय. कायदा १९४४ मध्ये झाला, तेव्हा शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे जेम्स कोनंट यांनी जाहीर चिंता व्यक्त केली. सुमारे बावीस लाख माजी सैनिक कॉलेजांत दाखल झाले. त्यांतले कित्येक आपल्या घरातले पहिले पदवीधर ठरले, आणि अभ्यासात ते इतरांच्या मागे पडले नाहीत, उलट अनेक ठिकाणी पुढे राहिले. युरोपीय पद्धतीने त्यांतल्या बहुतेकांचा निकाल दहाव्या-अकराव्या वर्षीच लागला असता. अमेरिकेतली शाळा ढिली आणि तिची भरपाई कॉलेजला करावी लागते, ही टीका मात्र खरी आहे, आणि तिथे युरोपकडून शिकण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. लवकर निवड म्हणजे अन्याय हे कशावरून? जर्मनीतला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसायशाळेत घालवतो. शेवटी त्याला देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र आणि सन्मानाचा रोजगार मिळतो. अमेरिकेत मात्र पदवी नसलेल्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही, आणि चार वर्षांच्या पदवीला बसणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश सहा वर्षांतही ती पूर्ण करत नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. कामाचे शिक्षण सोळाव्या वर्षी सुरू होते, फाळणी मात्र दहाव्या वर्षी. या दोन्हींना एकमेकांची गरज नाही. स्वीडनने १९६२ मध्ये नऊ वर्षांची सामाईक शाळा स्वीकारली, फिनलंडने १९७० च्या दशकात, आणि दोन्हीकडे व्यवसायशिक्षण त्यानंतर चालूच राहिले. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी 'इलेव्हन प्लस' नावाच्या परीक्षेने विद्यापीठाकडे नेणाऱ्या ग्रामर स्कूलसाठी मुले निवडली जात. काही भागांत मुलींनी मुलांपेक्षा जास्त गुण मिळवले तरच त्यांना जागा मिळे, कारण मुलींसाठी जागाच कमी होत्या. तिथे गुणवत्ता मोजली जात होती की बाके, हा प्रश्न पालकांनी विचारला आणि १९६५ नंतर बहुतेक भागांनी ती निवड सोडली. एरिक हानुशेक आणि लुडगर व्योसमान या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अनेक देशांची तुलना प्रसिद्ध केली. लवकर विभागणी केल्याने विषमता वाढते आणि सरासरी गुणवत्ता वाढल्याचा स्पष्ट पुरावा मिळत नाही, असे त्यांना आढळले.

तरी जुनी चाळणी सहजी सुटत नाही. महायुद्धानंतर व्यापलेल्या जर्मनीत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या मंडळाने सामाईक शाळेची शिफारस केली, १९४७ मध्ये दोस्तांच्या नियंत्रण मंडळाने तसा निर्देश काढला, आणि बव्हेरियाने तो नेटाने परतवला. शंभर वर्षांपूर्वी मॅन यांनी प्रशियातून जे मागे ठेवले, तेच आता अमेरिका जर्मनीला टाकून द्यायला सांगत होती. २००१ च्या अखेरीस पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे निकाल आले आणि मुलाचे गुण त्याच्या घरच्या परिस्थितीशी जर्मनीत फार घट्ट बांधलेले आहेत हे उघड झाले. तरीही २०१० मध्ये हॅम्बुर्गच्या मतदारांनी प्राथमिक शाळा चारऐवजी सहा वर्षांची करण्याचा बेत सार्वमताने फेटाळला. ज्यांची मुले चाळणीच्या वर राहतात त्यांना ती न्याय्यच वाटते.

एका बाबतीत मात्र युरोपने अमेरिकेला मागे टाकले आहे. जर्मनीतल्या काही राज्यांनी २००६ नंतर सत्राला सुमारे ५०० युरो फी लावली, लोक रस्त्यावर आले, आणि २०१४ पर्यंत ती सर्वत्र रद्द झाली. इंग्लंड उलट दिशेने गेले. १९९८ मध्ये वर्षाला एक हजार पौंडांपर्यंत, २००६ मध्ये तीन हजार, २०१२ मध्ये नऊ हजार. आणि अमेरिकेत विद्यार्थी-कर्जाचा डोंगर दीड लाख कोटी डॉलरांच्या वर गेला आहे. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आराखड्यात वेगळा मार्ग दाखवला होता. वरचे साडेबारा टक्के विद्यापीठात, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांत, बाकी कोणीही कम्युनिटी कॉलेजात, तिथून चांगला अभ्यास करून वर सरकण्याची सोय, आणि शिक्षण-शुल्क नाही. चाळणी तिथेही होती, पण ती अठराव्या वर्षी लागत होती आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत होता. शुल्क आले, आणि त्या आराखड्यातला निम्मा न्याय गेला.

हा इतिहास आपल्या दारापर्यंत येतो. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले, सुरुवातीला केवळ परीक्षा घेणारे होते. त्याच्या मॅट्रिकने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचे नशीब एका निकालात ठरवले. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्याच इमारतीवर क्रेडिट, चार वर्षांची पदवी आणि मधूनच बाहेर पडून परत येण्याची सोय हे अमेरिकन मजले चढवायला घेतले आहेत. शब्द आले म्हणून रचना येत नाही. क्रेडिटला अर्थ येतो तो निवडायला खरोखर दुसरा विषय असेल, तो शिकवायला कायम नेमणुकीचा शिक्षक असेल, आणि परत आलेल्या मुलीला फी परवडणार असेल तर. विषय एकच उपलब्ध, शिक्षक तासिका तत्त्वावर आणि वसतिगृह बंद, अशा कॉलेजात क्रेडिट म्हणजे जुन्याच गुणपत्रिकेवरचा नवा रकाना. अमेरिकेकडून उशिराची चाळणी घ्यावी, युरोपकडून सार्वजनिक खर्चाची जबाबदारी घ्यावी. आपल्या गावच्या कॉलेजात या दोन्हींपैकी काय आले आहे, हे प्रत्येक पालकाने या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळी विचारावे.